शिडीचा दांडा

वायरमनच्या पत्राला सेक्रेटरींनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाच्या पंपातून वीज गळते, म्हणूनच ब्रेकर सारखा पडतो. दुरुस्ती होईपर्यंत कुणाला पाण्यात सोडू नका, असं त्यात होतं. उत्तर दिलं की पत्र मिळाल्याचं कबूल होतं, आणि कबूल केलं की जबाबदारी गळ्यात येते, एवढं शहाणपण सेक्रेटरींनी तीस वर्षांच्या नोकरीत कमावलं होतं. पत्र त्यांनी फायलीत घातलं आणि तो कटकट्या ब्रेकर वॉचमनच्या मेव्हण्याकडून काढवून तारा थेट जोडून घेतल्या.

पंप सुरळीत चालला. फक्त शिडीचा दांडा धरला की हाताला मुंग्या येऊ लागल्या.

"अहो, झिणझिण्या येतात!" तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले.

"रक्त खेळतंय, मास्तर. या वयात चांगलं असतं," सेक्रेटरी म्हणाले.

मास्तरांनी जन्मभर वर्गात कुणाला शंका विचारू दिली नव्हती. आता त्यांना स्वतःलाही आली नाही. चार दिवसांत त्यांचा गुडघा 'हलका' झाला. आठवड्यात शिडीशी म्हाताऱ्यांची रांग लागली, रांगेत भांडणं लागली. सेक्रेटरींनी नोटीस काढली : 'दांडा प्रत्येकी तीन मिनिटेच धरावा.'

एका सकाळी त्यांची बायको टॉवेल घेऊन निघाली.

"कुठे?"

"तलावावर. मला काय गुडघे नाहीत?"

सेक्रेटरींनी चहाचा कप खाली ठेवला. "तू नको जाऊस."

"का? अख्ख्या सोसायटीला चालतं, मलाच नाही?"

ती चपला घालेपर्यंत सेक्रेटरी अनवाणीच जिना उतरले, पंपाचा मेन स्विच पाडला आणि मास्तरांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

"माझं एक मिनिट बाकी आहे!" मास्तर ओरडले.

घरी परतल्यावर बायकोपुढे फाईल उघडावीच लागली. तिने पत्र उभ्यानेच वाचलं.

"म्हणजे मास्तर गेले असते तर चाललं असतं?"

सेक्रेटरींनी पत्र परत घ्यायला हात पुढे केला.

"बसा. लिहा."

त्यांनी लिहिलं : 'आपले पत्र आजच मिळाले.'

"आजच?"

त्यांनी खोडलं. 'आपले पत्र दोन महिन्यांपूर्वी मिळाले. चूक माझी आहे. तलाव बंद केला आहे. ताबडतोब यावे.'

टपालपेटी रस्त्यापलीकडे, वायरमनच्या दुकानाला लागूनच होती. वायरमन दारात स्टुलावर बसला होता.

"काय साहेब, कुणाला पत्र?"

"तुम्हालाच," सेक्रेटरी म्हणाले आणि पाकीट पेटीत सोडलं. "दोन-तीन दिवसांत मिळेल."