वादातली कमांड

"टार नसेल तं मी पण या समितीत नाही," असं म्हणून चंद्रकांताबाई लंजे यांनी चष्मा काढून डबीत घातला. चष्मा डबीत गेला की बाई उठतात, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या उठल्या मात्र नाहीत. चहा यायचा होता.

समोर बसलेल्या उमेंद्र पटले सरांनी छताकडे बघत म्हटलं, "नका राहू जी. सीपीआयओ आहे ना."

कोहमाऱ्याच्या चौकातून आत वळलं की या शिक्षण संस्थेची मोठी शाळा लागते. बाकीच्या शाळा आसपासच्या गावांत विखुरलेल्या. बाई मोठ्या शाळेत कंप्युटर शिकवत, पटले सर गावातल्या एका शाळेत. कुण्या दात्यानं आपल्या ऑफिसातले जुने कंप्युटर संस्थेला देऊन टाकले, आणि ते इतके जुने होते की त्यांच्यावर विकतची कोणतीही सिस्टिम चालेना. अध्यक्ष भोजराजजी कापगते यांचा पुतण्या शुभम नुकताच पुण्याची नोकरी सोडून आला होता. सोडली की सुटली, हे कुणी विचारलं नाही. तो म्हणाला, "काका, आपण आपलीच ऑपरेटिंग सिस्टिम काढू." त्यानं फुकट मिळणारी एक सिस्टिम घेतली, तिच्यावर गावच्या तलावाचा फोटो चिकटवला आणि तिचं नाव ठेवलं 'तलाव'. संस्थेनं पेपरात बातमी दिली.

आता 'तलाव'मध्ये कोणत्या कमांड ठेवायच्या, हे ठरवायचं होतं. कमांड म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप करायचा एक शब्द. शब्द टाइप केला की मशीन एक काम करते. असे शब्द शेकड्यांनी असतात. सगळे ठेवले तर म्हाताऱ्या मशिनी दमतात, म्हणून मोजके शब्द मानक ठरवायचे आणि बाकीचे काढून टाकायचे. त्यासाठी समिती बसली होती.

टार आणि सीपीआयओ दोन्ही एकच काम करतात. पुष्कळ फायली एका गाठोड्यात बांधतात, आणि हवं तेव्हा गाठोडं सोडतात. चंद्रकांताबाई आणि पटले सर तरुणपणी नागपूरच्या एकाच क्लासात शिकले होते. त्या काळी पडद्यावर हिरवी अक्षरं यायची, फायली टेपवर ठेवायच्या, आणि क्लासात शिरताना चपला बाहेर काढायच्या. बाई पहिल्या आठवड्यात टार शिकल्या. सरांना तेव्हा ताप आला होता, म्हणून ते दुसऱ्या आठवड्यात सीपीआयओ शिकले. एवढ्या कारणावरून दोघांचं उभं आयुष्य भांडणात गेलं होतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोघं दोन रांगांत बसत.

"तुमच्या सीपीआयओले अगोदर एकेका फाईलचं नाव वाचून दाखवा लागते," बाई म्हणाल्या. "रुसलेल्या जवायाले जेवाले बोलवावं तसं."

"आणि तुमच्या टारले एक फाईल खराब लागली का तो फतकल मारून बसते. पुढचं काही सांगतच नाही."

"माह्या पोरींचे प्रोजेक्ट कधी बसले?"

"बसले नसतीन. पोरीच उठून गेल्या असतीन."

भोजराजजींनी हात वर केला. त्यांच्या आज्या-पणज्यांनी तलाव बांधले होते, पाण्याच्या पाळ्या ठरवल्या होत्या आणि गावाचे तंटे मिटवले होते. स्वतः भोजराजजींनी आजपर्यंत एक कंप्युटर चालू केला होता, तोही उद्‌घाटनाला, फीत कापून. पण तंटा म्हटला की त्यांना रंग चढायचा.

"आपल्या गावची रीत काय आहे?" ते म्हणाले. "दोन भाऊ शेताच्या धुऱ्यावरून भांडले, तं तो धुरा कोणीच वाहाचा नाही. पडीत ठेवाचा. मंग दोघंही गप बसतात. हे दोन्ही काढा."

"काका, पण गाठोडं बांधायला काहीतरी लागेल," शुभम म्हणाला.

"तिसरं काही आहे का?"

शुभमनं मोबाइलमध्ये शोधलं. "पॅक्स म्हणून एक आहे. जगातसुद्धा टार आणि सीपीआयओवाल्यांचं असंच भांडण झालं होतं, म्हणून दोघांचीही गाठोडी सोडणारं हे तयार केलं म्हणतात."

"कोण वापरते त्याले?"

"कोणीच नाही, काका."

"मंग त्याच्यावरून भांडण पण नाही. ठेवा."

गावाचा सरपंच एकदा याच पद्धतीनं निवडला होता. तो नंतर कधी कुणाला दिसला नाही, पण त्याच्याबद्दल तक्रारही आली नाही.

रीत एकदा लागू झाली की तिला आवर राहत नाही. मजकूर लिहायच्या-सुधारायच्या दोन कमांड होत्या. त्यांच्यावरून शुभम आणि पटले सर भिडले, दोन्ही गेल्या. लांबलचक मजकूर पानापानानं दाखवणाऱ्या दोन होत्या. त्यांतली कोणती बरी यावर बाईंनी नुसतं "पण" म्हटलं, आणि त्याही गेल्या. इंटरनेटवरून वस्तू उतरवून घेणाऱ्या दोन होत्या, त्या चहाच्या आधीच पडीत पडल्या. अडकलेलं काम थांबवायच्या कमांडचं नाव 'किल' आहे असं कळल्यावर जमुनाबाई हातझाडे म्हणाल्या, "शाळेत मारामारीचे शब्द कायले?" जमुनाबाई संस्थेच्या सर्वांत जुन्या सभासद होत्या, त्यामुळे तीही गेली. कमांड कशी चालवायची ते सांगणारी पानं इंग्रजीत होती. ती मराठीत आणायची म्हणून काढली, आणि मराठीत आणायला वेगळी समिती नेमायची ठरली.

'यस' नावाची एक कमांड आहे. ती सुरू केली की थांबवेपर्यंत मशीन नुसतं हो, हो म्हणत राहते. ती बघून भोजराजजी पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. "हे राहू द्या," ते म्हणाले. ती एकमतानं मंजूर झाली. फायली पुसून टाकायची कमांड एकटीच होती. तिला भाऊबंद नव्हता, म्हणून तिच्यावर वाद झाला नाही आणि ती सुखरूप राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत शुभमनं सगळ्या शाळांतल्या मशिनी पुसून 'तलाव' भरला. स्वतःच्या लॅपटॉपवर नाही. अध्यक्षांच्या कार्यालयातही नाही. तिथं कामं असायची.

मग बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली. पहिल्या दिवशी मुलींची तुकडी, दुसऱ्या दिवशी मुलांची. चंद्रकांताबाईंची ही निवृत्तीआधीची शेवटची परीक्षा. त्यांच्या हाताखालचं एकही मूल आजवर प्रात्यक्षिकात नापास झालं नव्हतं, आणि हे त्या वर्षातून निदान एकदा पटले सरांना ऐकवत असत. मुलांमुलींचं प्रोजेक्टांचं काम त्यांनी सुट्टीआधीच दोन गाठोड्यांत बांधून पेनड्राइव्हवर ठेवलं होतं. अर्थातच टारनं. समितीनं काही ठरवलं तरी ते आपल्याला लागू नसतं, अशी त्यांची समजूत होती. संस्थेत ती सगळ्यांचीच होती.

परीक्षक चेतना मॅडम गोंदियाहून आल्या. त्यांना दुपारी दवनीवाड्याला चुलतबहिणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जायचं होतं, त्यामुळे त्या बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"चलो, दाखवा प्रोजेक्ट."

बाईंनी पेनड्राइव्ह लावला आणि सवयीनं टार टाइप केलं. मशीननं कळवलं की अशी कमांड नाही. बाईंनी पुन्हा केलं. मशीननं पुन्हा कळवलं. मागे मुली रांगेत उभ्या होत्या. पहिल्या नंबरची खुशबू दुसरीच्या कानात काही बोलली आणि ती कुजबुज शेवटापर्यंत गेली.

बाईंनी शुभमला बोलावलं. "तुह्या लॅपटॉपवर उघडून दे बापा."

"लॅपटॉप घरी आहे मॅडम. चार्जिंगला."

"मग नेटवरून टार उतरव."

"उतरवायच्या दोन्ही कमांड तुम्हीच काढल्या ना मॅडम."

"मी काढल्या?"

"हात वर होता तुमचा."

पटले सर त्या दिवशी देखरेखीला होते. उद्या मुलांची तुकडी झाल्यावर परवा त्यांच्या शाळेची परीक्षा होती, आणि त्यांचं गाठोडं सीपीआयओनं बांधलेलं होतं. एवढं लक्षात येईपर्यंत ते मनातून सुखात होते. लक्षात आल्यावर पुढे आले.

"पॅक्स आहे ना," ते म्हणाले.

शुभमनं पॅक्स टाइप करून बटण दाबलं. पडदा काळा आणि गप. सगळे वाट बघू लागले. जुनी मशीन आहे, वेळ लागणारच, असं शुभम म्हणाला. चेतना मॅडमचा चहा झाला. मग बिस्किटं झाली. त्यांनी घड्याळ बघितलं. "ये मशीन चल रही है या सो गयी?"

"काम सुरू आहे मॅडम," शुभम म्हणाला.

काम सुरू नव्हतं. कोणतं गाठोडं सोडायचं हे मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं. आपण मशीनची वाट बघत होतो आणि मशीन आपली, हे बाईंच्या ध्यानात आलं. नागपूरच्या क्लासात शेवटच्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर ही कमांड लिहिली होती. पेढे वाटत होते, म्हणून कुणी लिहून घेतली नव्हती.

"त्याच्यापुढे आर होता," बाई हळूच म्हणाल्या. "सोडायचं असलं तर आर."

"आणि एफ," पटले सर म्हणाले. "एफ लिहून मंग गाठोड्याचं नाव."

"तुम्ही तर त्या दिवशी पेढे खात होता."

"खाता खाता वाचता येते."

शुभमनं थांबलेलं काम तोडलं आणि दोघांनी सांगितलं तसं टाइप केलं. गाठोडं सुटलं. फायली एकाखाली एक धावत आल्या, मुली आपापल्या जागेवर पळाल्या आणि चेतना मॅडम साक्षगंधाला वेळेवर निघाल्या. निघता निघता त्यांनी विचारलं, "बढिया. किसने खोला? मी शेऱ्यात नाव लिहिते."

"मी," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

"मी," पटले सर म्हणाले.

"आर नसता तं काय उघडलं असतं?"

"एफ नसता तं परीक्षक आतापर्यंत चहाच पीत राहिले असते, मॅडम."

नेमके तेव्हाच भोजराजजी परीक्षकांना निरोप द्यायला दारात आले होते. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वाद आहे," ते म्हणाले. "संध्याकाळी समिती बसन. तोवर लॅबले कुलूप."

"अध्यक्षसाहेब, मुलांचं गाठोडं सोडायचं राहिलं आहे," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी परीक्षा."

"वादातल्या जागेत कोणी पाय टाकत नाही, मॅडम."

दुपारचा डबा बाईंनी उघडलाच नाही. पॅक्स गेलं तर उद्या मुलं नापास, आणि तेही आपल्या शेवटच्या वर्षी. रोशन, सोनू, धनवंताबाईंचा रूपेश, एकेकाचं तोंड त्यांच्यासमोर आलं. कुणीतरी माघार घ्यायला हवी होती. पटले सर घेणार नाहीत. माणूस तापाचं निमित्त करून टार न शिकलेला. म्हणजे आपल्यालाच घ्यावी लागणार. हा निर्णय त्यांना निवृत्तीपेक्षा जड गेला.

संध्याकाळी समिती बसली. भोजराजजींनी विचारलं, "बोला. कोणी उघडलं?"

चंद्रकांताबाई उभ्या राहिल्या. आवाज साफ केला. "पटले सरांनी उघडलं. माझं त्यात काही नाही."

पटले सर ताडकन उठले. तेही दुपारभर जेवले नव्हते, त्यांच्याही पोरांची परीक्षा परवावर होती. "खोटं आहे जी. मॅडमनं उघडलं. मी नुसता बाजूले उभा होतो."

"सर, तुम्हीच एफ सांगितला."

"आर कोणी सांगितला?"

"आर कोणीही सांगते. शेंबडं पोर सांगते."

"मॅडम, बसा. तुम्हीच उघडलं."

"मी नाही म्हणते ना."

जमुनाबाईंनी डोक्याला हात लावला. "आता काऊन भांडून राहिले हे? सकाळी मी-मी म्हणत होते, आता तू-तू म्हणून राहिले."

"काका, दोघंही ती कमांड ठेवायचीच म्हणत आहेत," शुभम म्हणाला. "हा वाद कसा?"

भोजराजजींनी त्याच्याकडे कीव करत बघितलं. "दोघांचं तोंड दोन दिशेले आहे का नाही?"

"आहे."

"मंग वाद आहे. कायच्यावरून आहे ते पंचानं पाहाचं नसते. काढ."

शुभमनं मशीन समोर ओढली. पुसायची कमांड बिनविरोध निवडून आलेली होतीच. पॅक्स तिथल्या तिथं सगळ्या मशिनींवरून गेलं. टाळ्या वाजल्या, आणि समितीच्या कामाचा गौरव करणारा ठराव भोजराजजींनी स्वतःच मांडला.

दोघं एकाच वेळी पायऱ्या उतरले. फाटकाशी आल्यावर पटले सर थांबले. रस्त्यावरून नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग चालली होती.

"मॅडम, पेनड्राइव्ह आहे सोबत?"

"आहे. काऊन?"

"माह्या घरी जुना डबा कंप्युटर आहे. त्याच्यावर 'तलाव' नाही टाकला. चला, पोरांचं गाठोडं सोडून सुट्ट्या फायली करून ठेवू. उद्या कमांडच लागणार नाही."

"माझं गाठोडं टारनं बांधलेलं आहे सर."

पटले सरांनी स्कूटर पुसायला फडकं काढलं आणि सीट जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसली. "टार आहे त्याच्यावर," ते म्हणाले.

"तुमच्या घरी? टार?"

"पहिल्यापासून आहे. कधी तुमची एखादी फाईल आली तं उघडाले लागन म्हणून."

चंद्रकांताबाईंनी पदर खोचला आणि स्कूटरवर मागे बसल्या. शाळेच्या दिव्याखाली भोजराजजी अजून उभे होते, कुठं आणखी तंटा दिसतो का ते बघत. पटले सरांनी मान वळवून हलक्या आवाजात म्हटलं,

"मॅडम, हे कोणाले सांगू नका बरं. आता आपण दोघं एकच काम करून राहिलो. समितीले समजलं, तं दोघंही बाद."