बत्तीस चिठ्ठ्या आणि तीन कड्या

नवऱ्याने इंग्रजी सुधारायचं ठरवलं, तेव्हा घरात कोणी मान वर करून पाहिलं नाही. याआधी त्याने पहाटे उठायचं, व्यायाम करायचा आणि चहा सोडायचा असं सगळं ठरवून झालं होतं. पण या वेळी ठरवण्यामागे खात्याची परीक्षा होती, परीक्षेमागे हेडक्लार्कची जागा होती आणि त्या जागेमागे ऑफिसच्या आवारातलं दोन खोल्यांचं क्वार्टर.

सुनेचा सगळा जीव त्या क्वार्टरमध्ये. लग्नाला तीन महिने झाले होते आणि त्यांच्या खोलीला दार नव्हतं. म्हणजे होतं, पण तिच्या माहेरचं कपाट आत यावं म्हणून सासऱ्यांनी ते उतरवलं, आणि कपाट आत आल्यावर दार लागेना, म्हणून ते गॅलरीत उभं करून ठेवलं. पडद्याचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, पडद्याने वारा अडतो. त्यामुळे वाराही आत यायचा आणि सासऱ्यांच्या रेडिओवरच्या बातम्याही. क्वार्टर ती बाहेरून बघून आली होती. तीन दारं, तिन्हींना आतून कडी. (बाहेरून आतली कडी कशी दिसली, हे विचारू नये. खिडकी उघडी होती आणि टाचा उंच करता येतात.) पडद्यासाठी निळं कापडही तिने आणून ट्रंकेत ठेवलं होतं.

ऑफिसातल्या एका शहाण्या सहकाऱ्याने नवऱ्याला मंत्र दिला. इंग्रजी शब्द पाठ करत बसू नये, त्यांची लॅटिन मुळं धरावीत. एक मूळ हाती आलं की दहा शब्द आपोआप येतात. आणि मूळ डोक्यात रुजायला हवं तर ते घरातल्या वस्तूवर चिकटवावं. नवरा टपाल विभागात होता, तेव्हा चिकटवणं हा त्याच्या हातचा मळ.

एका रविवारी त्याने रंगीत कागदाच्या बत्तीस चिठ्ठ्या केल्या. पाण्याच्या पिंपावर ‘अ‍ॅक्वा’, चपलांच्या मांडणीवर ‘पेड’, ब्रशच्या ग्लासवर ‘डेंट’, पलंगावर ‘डॉर्म’, शेगडीवर ‘इग्न’. ऑड म्हणजे ऐकणं, म्हणून निळी ‘ऑड’ रेडिओवर. अर्थ लिहायचा नाही, तो वस्तूनेच सांगायचा, ही त्या पद्धतीची खुबी. सासऱ्यांना चष्मा सापडेना, कारण चष्म्याचं घर एका चिठ्ठीखाली गेलं होतं.

डिंक ऑफिसचा होता. तो पाकीट मुक्कामी पोचेपर्यंत टिकतो, पुढची हमी देत नाही. दहाव्या दिवशी दुपारी सुनेने झाडलोट करून पंखा जोरात लावला आणि बत्तीसच्या बत्तीस चिठ्ठ्या घरभर उडाल्या. ‘ऑड’ कपाटाखाली गेली ती तेव्हा मिळाली नाही. बाकीच्या गोळा केल्यावर सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. रंग बघून लाव, म्हणाल्या, घराला शोभा यायला हवी.

“आई, हे डेंट दातांचं असणार.”

“असेल की. पण गुलाबी घड्याळावरच शोभते.”

तीन महिन्यांची सून गुलाबी रंगावरून किती भांडणार? तरी दुसऱ्या दिवशी तिने ती चिठ्ठी गुपचूप ग्लासवर नेली. संध्याकाळी ती परत घड्याळावर होती. मग तिने नाद सोडला. शिवाय चिठ्ठ्या ज्याने लिहिल्या त्याला कळेलच, अशी तिची समजूत.

त्याला कळलं नाही. तो घड्याळासमोर डोळे मिटून उभा राहिला आणि घोकू लागला: डेंट, वेळ. डेंट, वेळ.

“अहो, चिठ्ठ्या एकदा नीट बघून घ्या ना.”

“अक्षर माझंच आहे ना?”

“अक्षर तुमचंच आहे.”

“मग झालं तर.”

बारा वर्षं टपालात काढलेला माणूस. पाकिटावर चिकटलेला पत्ता बरोबर की चूक, हे बघणं त्याच्या कामात येत नाही. आणि गप्प राहून चांगलं म्हणवून घ्यायचं, हे धोरण सुनेने कपाटासोबतच माहेराहून आणलेलं.

परीक्षेहून तो खुशीत आला. मनातल्या मनात घरभर फिरलो आणि भराभर लिहीत सुटलो, म्हणाला. सुनेने त्या दिवशी पडद्याला शिवण घालून टाकली.

शंभरात नऊ मार्क मिळाले. साहेबांनी पेपर सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला. डॉर्मिटरी म्हणजे चपला ठेवण्याची जागा. इग्नाइट करणे म्हणजे बाळाला हळूच झोपवणे. डेंटिस्ट म्हणजे घड्याळजी. त्याच्या मागच्या बाकावर बसलेल्या शहाण्या सहकाऱ्यानेही बाळाला तसंच झोपवलं होतं, त्यामुळे तोही आपटला. क्वार्टरला कुलूप तसंच राहिलं.

तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं आणि पंख्यापासून गुलाबी रंगापर्यंत सगळं सांगून टाकलं. तो गालावर हात ठेवून बसला. दोन महिन्यांपूर्वीच त्या बाजूची दाढ काढली होती.

“म्हणजे दाढ काढतो त्यालाच डेंटिस्ट म्हणतात?”

“हो.”

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “पण चिठ्ठी वेगळं सांगत होती.”

परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा होती. शनिवारी सासूबाई बाहेर गेल्याचं बघून सुनेने डिक्शनरी काढली, चांगला डिंक आणला आणि एकेक चिठ्ठी जिथल्या तिथे लावली. कपाटाखालची ‘ऑड’सुद्धा काठीने ओढून रेडिओवर बसवली. शिवलेला पडदा पडून राहायला नको, म्हणून तोही खोलीच्या चौकटीला टांगला. सासूबाई परतल्या, पडद्याकडे पाहिलं आणि परीक्षेचा निकाल आठवून वाऱ्याचं नाव काढलं नाही.

रविवारी सकाळी नवरा दात घासायला गेला. ग्लासवर ‘डेंट’ दिसताच तो थबकला.

“घड्याळावरची चिठ्ठी इथे कोणी आणली?”

तिने ‘अहो’ म्हणेपर्यंत त्याने ती काढून घड्याळावर नेली. मग ‘डॉर्म’ चपलांकडे गेली, ‘इग्न’ पलंगावर आली. घोकून घोकून पक्कं झालेलं होतं. एकतीस चिठ्ठ्या त्याने न अडखळता आपापल्या चुकीच्या जागी पोचवल्या. रेडिओवर दुसरीच चिठ्ठी बसल्यावर हातात उरली निळी ‘ऑड’. ती त्याला कुठेच आठवेना. शेवटी नवा पडदा मोकळा दिसला, तिथे त्याने ती दाबून बसवली आणि समाधानाने खोलीत येऊन बसला. रंगाला रंग जुळला म्हणून सासूबाईंनीही पसंत केली.

सुनेने पडदा ओढून घेतला, नवऱ्याजवळ बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “ही एक मात्र बरोबर जागी लागली.”

“कुठली गं?” रेडिओ बारीक करत सासऱ्यांनी पलीकडून विचारलं.