वापरकर्ता दिवंगत झाला आहे

"या कचेरीत मुक्त प्रणाली आणून दाखवीन! नाही आणली, तर स्वतःच्या पायांनी तळघरात जाईन आणि निवृत्त होईपर्यंत जुन्या कागदांची धूळ झाडीन!"

जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयाच्या मुख्य लिपिकांनी ही प्रतिज्ञा भर बैठकीत मेजावर मूठ आपटून केली, तेव्हा चहाचे पेलेसुद्धा दचकून बशीत उभे राहिले. मुख्य लिपिकांना सारी कचेरी 'आचार्य' म्हणत असे. शाळेच्या पलीकडे त्यांचे पाऊल पडले नव्हते. परंतु भाषा अशी, की त्यांनी नुसते "पंखा लावा" म्हणावयाचे ठरविले, तरी तोंडातून "वायुवीजनाची व्यवस्था व्हावी" असे निघे, आणि ते समजेपर्यंत मनुष्य घामाने निथळून जाई.

प्रतिज्ञेचे निमित्त एक सरकारी परिपत्रक होते. यापुढे शक्य तेथे मुक्त संगणक प्रणाली वापरावी. विकतची घ्यावयाची असल्यास ती का घेतली, याचे कारण द्यावे, असा त्याचा आशय होता. 'मुक्त' म्हणजे काय, यावर बैठकीत तासभर काथ्याकूट झाला.

"मुक्त म्हणजे फुकट ना हो?" दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने विचारले.

"फुकट हा त्यातला लहानसा भाग झाला," संगणक विभागातल्या ताई म्हणाल्या. "मुक्त म्हणजे तिचं पोट उघडं असतं. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, चुकलं असेल तर सुधारावं आणि ती सुधारणा सगळ्या जगाला वाटावी."

"आणि आपली आत्ताची प्रणाली?"

"तिचं पोट शिवलेलं आहे. चावी कंपनीकडे."

हे शिवलेले पोट साऱ्यांच्या परिचयाचे होते. त्या विकतच्या प्रणालीतून नवजात बाळाचा दाखला निघाला, की तळाशी 'मृताच्या नातेवाइकाची सही' अशी ओळ छापून येई. बाळाचा बाप आनंदाने धावत यावयाचा आणि दाखला वाचून मटकन बसावयाचा! तीन वर्षे तक्रार चालू होती. कंपनीचे उत्तर एकच : 'पुढील आवृत्तीत पाहू.'

आणि या कंपनीचा विक्रेता कोण? तर आचार्यांचा सख्खा साडू!

बैठकीची वार्ता साडूच्या कानी पोहोचावयास कितीसा वेळ? त्याच संध्याकाळी तो घरी येऊन दिवाणखान्यात ऐसपैस बसला.

"साडूबुवा, फुकटच्या मालाचा वाली कोण? उद्या बिघडलं तर कुणाची गचांडी धरणार?"

"तुमची धरून तीन वर्षे झाली," आचार्य म्हणाले. "प्राप्ती काय झाली?"

"तळघरात दमट असतं हं. स्वेटर घेऊन ठेवा!"

स्वयंपाकघरातून आचार्यांच्या पत्नीचा आवाज आला, "दोघंही हळू भांडा. माझ्या बहिणीशी मला अजून बोलायचंय या जन्मात."

दुसऱ्या दिवशी ताईंनी मुक्त प्रणाली संगणकावर उघडून दाखविली. तिची सारी अक्षरे परभाषेतील होती.

"आपल्या भाषेत अजून कुणी आणलेली नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही आणता का? इथे शब्द लिहायचा. तिकडे कुणीतरी पाहतं आणि मान्य करतं. मग तो सगळीकडे दिसायला लागतो."

"तिकडे म्हणजे कोठे?"

"ते मलाही माहीत नाही."

ताईंनी एक कळ दाबली, आणि त्या प्रणालीत आजवर झालेल्या दुरुस्त्या पडद्यावरून खाली उतरू लागल्या. आचार्य पाहतच राहिले. कोणा एका अनोळखी मनुष्याने एक स्वल्पविराम हलविला होता. दुसऱ्या कोणी लीप वर्षातील जादा दिवशी जन्मलेल्या बालकांचे वय चुकते म्हणून आठवडेच्या आठवडे वाद घातला होता, आणि अखेर तिसऱ्याच खंडातील एका आजोबांनी तो गणित मांडून मिटविला होता. एकीने आंधळ्या माणसाला पडदा वाचून दाखविता यावा म्हणून प्रत्येक चित्राखाली ओळ लिहिली होती. ओळ सरत नव्हती, माणसे सरत नव्हती. जणू रात्रीच्या आकाशाकडे प्रथमच मान वर करून पाहावे!

"यांना वेतन कोण देते?" आचार्यांनी खालच्या आवाजात विचारले.

"बऱ्याच जणांना कुणीच नाही."

"मग हे करतात कशासाठी?"

"चुकीचं दिसलं, म्हणून."

आचार्यांनी नकळत पायांतील चपला काढून खुर्चीखाली सारल्या आणि कामास बसले.

आणि मग भाषेचा जो पूर आला म्हणता! जेथे साधे 'थांबा' पुरले असते, तेथे 'भार वाहिला जात आहे, धीर धरावा' असे आले. चूक झाली की 'अज्ञात प्रमाद घडला आहे, क्षमस्व'. पडदा पुन्हा नव्याने दाखविण्याच्या कळीवर 'ताजेतवाने व्हावे'. काही खोडावयास जावे, तर 'पुनश्च एकवार अंतःकरणास विचारावे' असा सल्ला!

"अहो, माणसं बोलतात तसं लिहा की," पत्नी पाठीमागून वाचून म्हणाली. "हे वाचून गिऱ्हाईक अंतःकरणालाच विचारत बसेल. रांग कधी सरायची?"

"तुला भाषेचे गांभीर्य कळावयाचे नाही."

"नको कळायला. भाजी निवडून द्या."

एके दिवशी 'एक्स्पायर्ड' हा शब्द समोर आला. आचार्य गालातल्या गालात हसले. हा तर घरचा पाहुणा! उभी हयात ते मृत्यूच्या मेजावर बसले होते. रुग्णालयातून येणाऱ्या प्रत्येक कागदावर हाच शब्द असे, आणि त्याचा अर्थ एकच असे. त्यांनी मोठ्या ममतेने लिहिले : 'हे दिवंगत झाले आहेत.' खाली आणखी एक ओळ होती. तिचे त्यांनी केले : 'पुनरुज्जीवन करावयाचे आहे काय?' त्यांना किंचित नवल वाटले खरे. परंतु परदेशांत शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

तिकडे कोणीतरी ते मान्यही केले. मान्य करणाऱ्यास मराठीचे अक्षर येत नव्हते. त्याचा आचार्यांवर विश्वास होता, एवढेच.

अखेर परीक्षेचा दिवस उजाडला. मोठ्या दालनात दोन संगणक शेजारी शेजारी मांडले गेले : एकावर आचार्यांची मुक्त प्रणाली, दुसऱ्यावर साडूच्या कंपनीची नवी कोरी, विकतची. स्वतः संचालक साहेब दोन्ही वापरून पाहणार होते आणि तेथल्या तेथे निर्णय देणार होते. साडू नव्या कोटात, चेहऱ्यावर असे हास्य लेवून उभा होता, की त्याच्याही पावतीची मागणी करावी. आचार्यांच्या डोळ्यांपुढून मात्र तळघराचा जिना हलत नव्हता.

संचालक मुक्त प्रणालीपुढे बसले. त्यांचे खाते ताईंनी आरंभीच उघडून ठेविले होते. परंतु साहेबांनी त्यास एकदाही हात न लाविल्याने त्याची मुदत उलटून गेली होती. साहेबांनी नाव टंकले. कळ दाबली. पडद्यावर काळ्या चौकटीत ठसठशीत अक्षरे उमटली :

'वापरकर्ता : संचालक. हे दिवंगत झाले आहेत. पुनरुज्जीवन करावयाचे आहे काय?'

साहेबांनी ते दोनदा वाचले.

"आचार्य," संचालक शांतपणे म्हणाले, "मी केव्हा गेलो?"

"साहेब... आपण... म्हणजे आपण आहात साहेब! पूर्णपणे आहात!"

"पण हे सरकारी नोंदणीत आलंय."

"नुसतीच नोंद हो साहेब!" आचार्य दोन्ही हात हलवीत म्हणाले. "अधिकृत नव्हे!"

साडूने खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. दुःखाने की हसू दाबण्यासाठी, ते देव जाणे!

एव्हाना दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने पडदा वाचला होता. आत वळून खुर्चीकडे पाहण्याची त्यास गरज भासली नाही. या कार्यालयात जे नोंदले जाई तेच घडलेले असे, हे त्यास पूर्वीपासून ठाऊक होते. तो तडक बाहेर धावला. "साहेब गेले हो!" रांगेतून ही वार्ता फाटकाशी गेली, फाटकाहून फुलवाल्याकडे. फुलवाल्याने पुष्पचक्र वळावयास घेतले आणि वळता वळता एका गिऱ्हाइकास सांगितले. ते गिऱ्हाईक म्हणजे आचार्यांच्या शेजारीणबाई, आणि त्या आचार्यांनाच 'साहेब' म्हणत असत!

दालनात साहेबांचा फोन वाजला.

"हो, मीच बोलतोय," साहेब म्हणाले. "नाही गं. अजून नाही. सांगतो घरी आल्यावर."

तो फोन ठेवतात न ठेवतात, तोच दार धाडकन उघडले आणि आचार्यांची पत्नी आत शिरली. केस सुटलेले, एका पायात चप्पल, मागे तिची धाकटी बहीण, म्हणजे साडूची बायको, हुंदके देत.

"कुठे ठेवलंय यांना?" पत्नीने टाहो फोडला, आणि मग समोर उभा असलेला नवरा तिला दिसला. "अहो! तुम्ही आहात?"

"आहे," आचार्य ओशाळून म्हणाले.

"मग फोन उचलायला काय धाड भरली होती? जीव गेला माझा अर्ध्या वाटेत!"

"आज इथे सगळ्यांचाच जातोय," संचालक म्हणाले आणि त्यांनी बोट पडद्याकडे केले.

पत्नीने डोळे पुसून पडदा वाचला. पुन्हा वाचला. मग हळूहळू नवऱ्याकडे वळली.

"हे तुम्ही लिहिलंय."

"मूळ शब्दाचा अर्थ तोच..."

"दुधाच्या पिशवीवर पण तोच शब्द असतो! दूध काय दिवंगत होतं? मुदत संपली लिहा, मुदत संपली!"

आचार्य पडद्याकडे पाहू लागले. दुधाच्या पिशवीचा दृष्टांत त्यांस आयुष्यात सुचला नव्हता!

"ताई, आत्ता बदलता येईल?" ते पुटपुटले.

"बदला ना. पोट उघडंच आहे."

आचार्यांनी एका एका बोटाने टंकले : 'खात्याची मुदत संपली आहे.' खाली त्यांनी सांगितलेले कारण ताईंनी इंग्रजीत लिहिले : 'पूर्वीच्या शब्दामुळे आमच्या येथे एक अधिकारी मृत घोषित झाले आहेत. कृपया त्वरा करावी.' आणि धाडून दिले. सारे जण पडद्याभोवती गोळा झाले. साहेबदेखील चष्मा पुसून पुढे वाकले.

चहा गार होण्याच्या आत उत्तर आले. ताईंनी ते मराठीत करून वाचून दाखविले : "बदल मान्य. आमच्याकडे आत्ताच उजाडते आहे. तुमचे अधिकारी आता कसे आहेत?"

पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, जेथे अद्याप दिवेही मालविले नसतील, तेथे कोणी एक जण अंथरुणातून उठला होता आणि न पाहिलेल्या साहेबांच्या प्रकृतीची चौकशी करीत होता! ना ओळख, ना पाळख, ना देणे, ना घेणे. आजवर आचार्यांनी भाषेत 'वसुधा', 'विश्व', 'मानवजात' हे शब्द पुष्कळ वापरले होते. ते शब्द उलटून चहा गार होण्याच्या आत उत्तर देतात, हे त्यांस ठाऊक नव्हते.

"कळवा," साहेब घसा खाकरून म्हणाले. "म्हणावं, बरे आहेत."

साहेबांनी 'ताजेतवाने व्हावे' ही कळ दाबली, आणि काळी चौकट गेली.

"हृदयस्पर्शी आहे सगळं," साडूने रुमाल खिशात घातला, "पण साहेब, सरकारनं असं परक्यांच्या भरवशावर राहावं का? आमच्याकडे बघा. एकेक अक्षर आमच्या तज्ज्ञांनी घडवलेलं! बाहेरच्याचा हात नाही. असले चाळे होणं शक्य नाही!"

साहेब उठून दुसऱ्या खुर्चीत बसले. कंपनीने त्यांस परीक्षणापुरते खाते दिले होते. परीक्षणाचे दिवस भरून गेले होते. साहेबांनी नाव टंकले. कळ दाबली.

'वापरकर्ता : संचालक. हे दिवंगत झाले आहेत. पुनरुज्जीवनासाठी विक्रेत्याशी संपर्क साधावा.'

"अगं बाई!" साडूची बायको किंचाळली. "हे तर भाऊजींचं मराठी!"

साडूच्या चेहऱ्याचा रंग असा उतरला, की कोट एकदम मोठा दिसू लागला.

"म्हणजे," साहेब म्हणाले, "फुकटची प्रणाली उचलली, वर रंग दिला आणि आम्हाला विकायला आणली?"

"नेणं गुन्हा नाही साहेब, परवानगी आहे सगळ्यांना," ताई म्हणाल्या. "पण 'आमच्या तज्ज्ञांनी घडवली' म्हणणं म्हणजे..."

"माझ्या भाऊजींना तज्ज्ञ म्हणणं!" साडूची बायको म्हणाली. "घरी चला तुम्ही. तिथे बघते."

"बरं, ही तरी दुरुस्त करा आत्ता," साहेबांनी साडूस सांगितले. "एका दिवसात दोनदा मेलोय मी."

साडूने कंपनीस फोन लाविला. पुष्कळ वेळ पलीकडून वाद्यसंगीत ऐकू येत होते. शेवटी त्याने फोन खाली ठेविला आणि जमिनीकडे पाहून म्हणाला, "पुढील आवृत्तीत पाहू म्हणतात."

साहेब उभे राहिले. "निर्णय झाला. मुक्त प्रणाली राहील. आचार्य, तळघरात जायला नको."

आचार्यांनी हात जोडले. तोंडून एकही संस्कृत शब्द फुटेना!

"मात्र अट एकच," साहेब पुढे म्हणाले. "यापुढे एकही शब्द बाईंनी वाचल्याशिवाय बाहेर जायचा नाही."

संगणक विभागातल्या ताई लगबगीने पुढे आल्या.

"तुम्ही नाही," साहेब म्हणाले आणि आचार्यांच्या पत्नीकडे वळले. "या बाई. पण वहिनी, आधीच सांगतो : या कामात पगार नसतो. आभारसुद्धा कधीतरीच मिळतात."

पत्नीने सुटलेले केस बांधले, हरवलेली चप्पल कोठे आहे ते शोधण्यास नवऱ्यास खुणेने पिटाळले आणि साहेबांस म्हणाली, "त्याची सवय आहे मला. लग्न होऊन बावीस वर्षं झाली."