सुभाषरावांचं डावं बोट

आमच्या शेजारचे सुभाषराव गिटारवाले भर मे महिन्यात डाव्या हातात लोकरीचा हातमोजा घालून नांदेडभर फिरतात. कुणी हसलं की म्हणतात, "हसा खुशाल. ह्या बोटांवर घर हाय आमचं."

ह्या बोटांनी ते कांदा चिरत नाहीत, बादली उचलत नाहीत. कुणी दोन्ही हातांनी हात धरायला पुढे आलं, तर लांबूनच "जय भीम" म्हणतात.

तरुणपणी लातुरात त्यांचा रॉक बँड होता. केस खांद्यापर्यंत, श्रोते पंधरा. त्यातले चौदा मित्र आणि एक मंडपवाला. रॉकनं पोट भरेना, तेव्हा मिळेल ते वाजवत सुटले. जयंतीला भीमगीतं, उरुसात कव्वाली, सप्ताहात भजन, धर्माबादकडच्या लग्नांत तेलुगू गाणी. मी शाळामास्तर, म्हणून मला सांगतात, "गिटारीला जात नसती, मास्तर. म्हणाल ते बसवून देतो." मात्र भजन रंगात आलं की त्यांच्यातला रॉकवाला उठतो आणि गिटार अशी किंचाळते की टाळकरी टाळ थांबवून एकमेकांकडे बघत बसतात.

इतकं जपलेलं बोट यंदा कंधारच्या मिरवणुकीत ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यात सापडलं. हातमोजा घातलेला असताना! महिनाभर पट्टी. बोलभांड सुभाषराव एकदम गप्प झाले. गिटार सुटेल ह्या धास्तीनं, असं मला वाटलं. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. घरात ते आणि आठ वर्षांची लेक पिंकी. त्या महिन्यात पिंकीची वेणी आमची ही घालून द्यायची. पोरगी मुकाट बसायची, मुकाट शाळेत जायची.

काल पट्टी निघाली. मी आणि पिंकी सोबत होतो. "वाकवा," डॉक्टर म्हणाले. सुभाषरावांना घाम फुटला. बोट मध्येच अडलं आणि वाकलं! माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणीच आलं.

"आता वाजवा गिटार," डॉक्टर हसले.

"वाजवू की. काय घाई न्हाई."

त्यांनी पिंकीला बाकावर पुढ्यात बसवलं, रिबीन सोडली आणि तिथंच केस विंचरायला घेतले. "हिची आई चार पेडाची घालायची, मास्तर," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तिच्याकडूनच शिकून घेतली, शेवटच्या दिवसांत. वहिनींनी लई केलं, पण त्यांना तीनच पेड येत होते. आन् हे बोट गेलं असतं, तर हिच्या आईचं तेवढं एक राहिलंय, ते बी गेलं असतं."

पिंकीनं मागे हात नेऊन वेणी चाचपली आणि महिनाभर साठवलेली बडबड एका दमात सुरू केली.