डोहवाडीच्या इंजिनातलं पाणी

जावयाबद्दल बयाबाईंची एकच तक्रार होती. तो नारळाचं पाणी वाया घालवत असे.

बाकी बाळासोंत खोट काढायला जागा नव्हती. माणूस तालुक्याच्या कचेरीत, पूरनिवारणाच्या टेबलावर. पायांत बूट, खिशाला दोन पेनं, आणि तांबडा रस्सा कितीही जहाल असो, डोळ्यांतून टिपूस न काढता वाट्या रिचवायची ताकद. पण नारळ फोडताना खाली वाटी धरायची असते, एवढं त्याच्या आईनं त्याला शिकवलं नव्हतं. बयाबाई हे दाराआडून, सोप्यातल्या खांबाकडं बघून बोलत. सासूनं जावयाशी तोंड वर करून बोलायचं नाही, ही रीत त्यांनी आयुष्यात पाळलेल्या मोजक्या रीतींपैकी एक. त्यामुळं जावयाचा सगळा उद्धार खांबाच्या वाट्याला येई.

आणीबाणी उठली त्या साली सरकारनं डोहवाडीला मोटरहोडी दिली. पंचगंगा फुगली की गावाला चहूकडून पाण्याचा वेढा पडे. कोल्हापूर पल्याड डोळ्यांना दिसे, पायांना लाभत नसे. तोवर लोक काहिलीत बसून पार होत. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई. गोल गोल गिरक्या घेत का होईना, पोचवायची. सरकारच्या मते हे मागासलेपण होतं.

त्या वर्षी बयाबाईंची सून शेवंता दिवसांत होती. पहिलटकरीण, अंगानं काडी. कोल्हापूरच्या डॉक्टरणीनं बजावलं होतं, घरात बाळंत करायची नाही. पाऊस लागायच्या आधीच तिला शहरात ठेवा, असं चारचौघी सांगत होत्या. पण बयाबाईंचा ताठा आडवा आला. पलटणीत परत निघालेल्या लेकाला त्यांनी शब्द दिला, "जावयाच्या हातात सरकारी होडी असताना माजी सून दुसऱ्याच्या दारात कशाला ठेवू? तू बिनघोर जा."

होडी पाण्यात उतरवायचा सोहळा नदीकाठी झाला. होडीच्या शेपटाला इंजिन, इंजिनावर टोपी. बाळासोंनी आधी टोपी काढायला लावली. टोपीवर कुंकू लावलं तर ते टोपीला पोचतं, इंजिनाला नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मग हळदकुंकू झालं, हार पडला, आणि खास बयाबाईंच्या घरून आणलेला नारळ इंजिनाच्या माथ्यावर फोडण्यात आला. टाळ्या पडल्या. दोरी ओढली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप झालं.

गुंडू मिस्त्रीनं प्लग काढून दोरीला हिसडा दिला. भोकातून पिचकारी उडाली.

"सायेब, इंजिनात पानी शिरलंय."

"होडी पान्यात हाय म्हटल्यावर शिरंल की!" सरपंच केरबा म्हणाले.

गुंडूनं बोट जिभेला लावलं. "गोड लागतंय."

केरबांची छाती फुगली. "लागनारच! आपल्या नदीचं पानी हाय ते. सांगलीचं असतं तर लागलं असतं व्हय?"

बाळासोंनी जागच्या जागी अहवाल लिहिला. 'होडीचा पाण्याशी येणारा वारंवार संबंध हे बिघाडाचे मूळ कारण दिसते. सबब सदर संबंध तोडण्यात यावा.' होडी बैलगाडीवर घालून चावडीपुढं आणली.

पुढच्या तपासणीला इंजिन कोरडं ठणठणीत होतं. पण एकदा विघ्न आलेलं, तेव्हा या खेपेला पाच नारळ फोडणं ओघानं आलं. ते फोडून दोरी ओढली, आणि प्लगच्या भोकातून पहिल्यापेक्षा जोरात पाणी आलं.

"जमिनीत ओल हाय," केरबा म्हणाले.

'जमिनीतील ओलावा इंजिनात चढत असल्याची शक्यता नाकारता येत नाही.' होडी विटांवर चढली. मग संशय आभाळावर गेला. होडी वाजतगाजत देवळाच्या सभामंडपात आली. आता अकरा नारळ. पाणी इतकं आलं की गुंडूचा सदरा भिजला.

"मिस्त्री, ह्ये पानी येतंय तरी कुठनं?" बाळासोंनी विचारलं.

"मला काय इचारता सायेब? मी तर दर खेपंला पुसून कोरडं करून देतोय. तुमची पूजा झाली की परत हायच."

"म्हणजे पूजा कमी पडतीय," बाळासो गंभीरपणे म्हणाले, आणि कुणालाच यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही.

इकडं बयाबाईंच्या कोठीत नारळाचा ढीग खाली खाली चालला होता. "खांबा," त्या म्हणाल्या, "पोटुशी सून नारळाच्या पान्यासाठी जीव टाकती, आन् ह्येंचं पानी जातंय तरी कुठं?" खांब काही बोलला नाही. त्या मानानं कचेरी तत्पर होती. तिथून आदेश आला: 'इंजिनात पाणी येणे पूर्ण थांबेपर्यंत होडी पाण्याजवळ नेऊ नये. दरम्यान पूर आल्यास ग्रामस्थांनी पुराचे पाणी होडीपासून दूर ठेवावे.'

पुरानं आदेश वाचला नसावा. एका दुपारी पाणी वेशीला लागलं आणि त्याच दुपारी शेवंतानं उंबऱ्याला धरून हाक मारली, "आत्ती, कंबर धरलीया वो!"

बयाबाई पदर खोचून देवळाकडं धावल्या. आत तपासणी चालू होती. बायाबापड्यांनी तपासणीला यायची वहिवाट नव्हती, त्यामुळं होडी त्या आज पहिल्यांदाच जवळून बघत होत्या. टोपी काढलेलं इंजिन तोंड उघडून बसलं होतं. बाळासोंनी नारळ त्याच्या माथ्यावर आपटला. पाणी घळाघळा त्या उघड्या तोंडात गेलं. दुसरा आपटला. तेही गेलं.

बयाबाईंना कोठीतल्या सगळ्या नारळांचा ठावठिकाणा लागला. पण ती वेळ बोलायची नव्हती. त्या देवळाच्या खांबाला म्हणाल्या, "जावईम्हाराजांना सांगा, चालू द्या तुमचं," आणि माघारी फिरून ओरडल्या, "गुऱ्हाळातली काहील काडा रं!"

शेवंता काहिलीत बसली, तिला धरून बयाबाई बसल्या, चार पोहणाऱ्या गड्यांनी कड धरली. काहील गिरक्या घेत निघाली. कधी कोल्हापूर पुढं दिसे, कधी डोहवाडी. पण पोचली, आणि दिवेलागणीच्या आत बयाबाईंना नातू झाला.

पूर कमी झाला, तरी पायवाट पाण्याखालीच होती, तेव्हा त्यांनी निरोप धाडला. होडी आणा, टोपी बसवून आणा, वाटेत नारळ फोडाल तर याद राखा. होडी आली. एका हिसड्यात सुरू झाली आणि सरळ रेषेत, धूर सोडत आली. होडीतून उतरलेली गावकऱ्यांची गर्दी काठावर बाळासोंच्या नारळांना हसून हसून लोळत होती. तपासणीला याच गर्दीनं टाळ्या वाजवल्या होत्या.

"मामी, बसा," बाळासो खालमानेनं म्हणाले. "नारळ फोडलेला न्हाई. पण एक आणलाय जवळ, आपला असू द्या म्हणून."

नातवाला छातीशी धरून बयाबाईंनी एक पाय उचलला. पाय तसाच राहिला. समोर नदी तांबडी, फुगलेली. कुशीत चार दिवसांचं मूल. सुनेनंही पाय मागं घेतला. गर्दीचं हसू थांबलं. कुणीच पुढं होईना.

जवळपास खांब नव्हता. बयाबाईंनी पदर मागं सारला आणि आधी गर्दीकडं वळल्या. "हसालायसा काय दात काडून? आदी आपापल्या फटफटीला लिंबू-मिरची कुनी बांदलीया ती बगा जावा."

मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जावयाच्या डोळ्याला डोळा दिला.

"जावईबापू, इंजिनात पानी नदीनं घातलं न्हाई, जमिनीनं घातलं न्हाई, तुमी घातलंसा. तुमच्यापरास त्यो माजा खांब श्याना हाय. पर लेकराला घिऊन बिननारळाच्या होडीत बसाय माजं काळीज न्हाई. फोडा नारळ. आन् मागं काहील बांदा."