प्रयागताईंची भेसळ

दळणाचा डबा नीट झाकलेला नसेल, तर आमच्या प्रयागताई त्यातल्या ज्वारीत ओंजळभर गहू मिसळतात. हाताशी असला तर हरभराही. वर पुन्हा "बप्पा, अर्ध्या घंट्यात देते परत," असं मलाच बजावून डबा उचलतात आणि शेजारच्या अंगणवाडीत नेतात.

नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव. माझी गिरणी आणि ताईंची अंगणवाडी यांच्यात एकच भिंत. पलीकडं लेकरं परातीभोवती गोल बसून ही भेसळ निवडतात. ज्वारी एका वाटीत, गहू दुसरीत. मग दाणे मोजायचे. पाटी-पेन्सिल दूरच. "आधी बोटाला काम द्या, डोकं मागनं येतंय," हे ताईंचं ब्रह्मवाक्य. चार वर्षांच्या पोराला अक्षर गिरवायला लावणं म्हणजे त्यांच्या मते वासराला औताला जुंपणं.

बोटांच्या या कामापायी गावात कुणाची वस्तू जागेवर राहत नाही. वाळत घातलेल्या धुण्याचे चिमटे जातात, ते पोरं पुठ्ठ्याला लावत बसतात. बाटल्यांच्या झाकणांना भोकं पाडून माळा ओवल्या जातात. माझ्या बुटाची नाडी अशीच एकदा गेली. विचारायला गेलो तर म्हणाल्या, "तुमाला कावून पाहिजे? तुमी तर चप्पलच घालता की!"

एकदा सरपंचांच्या घरचं दळण निवडून आलं. मी न बघता टाकलं. गिरणी जराशी खडखडली, मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळी सरपंचीणबाई पिठाची परात घेऊन दारात उभ्या.

"बप्पा, भाकर निळी कावून दिसायली?"

मी मुकाट्यानं भिंतीकडं बोट केलं. ताई बाहेर आल्या, पीठ चिमटीत धरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं बाई, मंजे झाकण हितं हाय व्हय! सकाळधरनं मोजायले, एक कमीच भरायलंय!"

माफी राहिली बाजूला. उलट सरपंचीणबाईंनाच विचारलं, "घरी दुसरं निळं झाकण हाय का?"

ताईंची सगळ्यात लाडकी चिमी. पहिल्यांदा आली तेव्हा आईचा पदर धरलेली मूठ ती उघडायला तयार नव्हती. दिवाळीपर्यंत दोन बोटांच्या चिमटीत एकेक दाणा उचलून दहापर्यंत मोजायला लागली. एका बारशाच्या पंगतीत तर भातातले सगळे वाटाणे वेगळे काढल्याशिवाय तिनं घास घेतला नाही. आई वैतागली. ताईंनी मात्र ही बातमी गावभर सांगितली.

दिवाळी झाली आणि माणसं ऊसतोडीला निघाली. चिमीची आई, सविता, वाटेच्या शिदोरीसाठी पीठ न्यायला आली होती. ताई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सविता, लेकरू माझ्यापशी ठेव. आता कुठं तिची बोटं वळायलीत. तिकडं फडात, पाचटाच्या कोपीवर कोण बसल तिच्यासंगं?"

"तुमी सांभाळताल ओ ताई, मला ठाव हाय," सविता म्हणाली. "पर मला तिकडं झोप यायची न्हाई."

ताईंनी पिठाचा डबा उचलून सविताच्या हातात दिला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर निघाला आणि ताई त्याच्यामागं धावत सुटल्या. "उसाचे वाढे मोजू दे तिला! मोळीची गाठ तिलाच मारू दे! हातानं जेवू दे, भरवू नगस!" एक चप्पल रस्त्यातच राहिली. पारावरची माणसं पोट धरून हसली, मीही हसलो. चिमी आईच्या मांडीवर गाढ झोपली होती. ट्रॅक्टर मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागला.

चप्पल हातात घेऊन ताई परत आल्या, पण अंगणवाडीत गेल्या नाहीत. माझ्या पायरीवर बसल्या.

"बप्पा, सा म्हयन्यानं परत येतेत ना, तवा मला वळखत न्हाईत ओ लेकरं. दरसाली. आईच्या मागं लपतेत."

 ताईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता, तरी हुंदका आवरत नव्हता. भिंतीपलीकडं गावात राहिलेली चार लेकरं त्यांची वाट पाहत बसली होती.

दळायला एक दाणा नव्हता. रिकामी चालवली की गिरणीचे दगड खराब होतात. मी उठलो आणि गिरणी चालू केली. ताईंचं रडणं पलीकडं ऐकू जाणार नाही, इतका तिचा आवाज नक्कीच होता.