टेकू नका, रंग ओला आहे

घराची भिंत घरात राहणाऱ्यांसाठी नसते, ती बघायला येणाऱ्यांसाठी असते. राहणाऱ्याला पाठ टेकण्यापलीकडे तिचा उपयोग नसतो, आणि पाठ टेकणं हे काही प्रगतीचं लक्षण नव्हे. हे सत्य मुंबईला फार आधी कळलं. खारी गावात ते पोचायला १९९४ साल उजाडलं.

पंढरीनाथांच्या पुढच्या खोलीच्या भिंतींना सागाच्या फळ्या मारलेल्या होत्या. त्यांच्या वडिलांचा पडाव होता, खाडीतून मीठ नेणारी मोठी होडी. तो थकला तेव्हा मोडला, आणि त्याच्याच फळ्या भिंतीला लागल्या. होडीला देतात तसं दर दिवाळीआधी त्यांना करंजाचं तेल द्यायचं, हा घरचा रिवाज. वर्षानुवर्षं तेल पिऊन फळ्या कडक चहासारख्या काळपट झाल्या. वाळवी लागली नाही, ओल आली नाही, पावसाळ्यात एकदाही फुगल्या नाहीत. थोडक्यात, त्यांच्यात सुधारणेला वावच नव्हता. (असं लाकूड कुटुंबाच्या प्रगतीला मारक असतं यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. तज्ज्ञ म्हणजे ज्यांच्या घरी लाकूड नाही ते.)

जेवण झालं की पंढरीनाथ डाव्या कोपऱ्यातल्या फळीला पाठ लावून बसायचे. तेवढ्या जागी लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. बायको गेल्यापासून बहुतेक दुपारी त्यांचा मुक्काम तिथेच असे.

दरम्यान खारीभोवतीच्या शेतांत बिल्डिंगा उगवल्या, आणि प्रत्येक बिल्डिंगच्या प्रत्येक हॉलला एकच रंग लागला: पिस्ता. पिस्त्याची चव त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक होती, पण रंगाबद्दल मतभेद नव्हता.

"बाबा, ऑफिसचे लोक आले होते," एकदा नीरज म्हणाला. नीरज म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, ममता त्याची बायको. "विचारतात, तुमच्याकडे लाईट गेलीय का? काय सांगू मी?"

"सांग, लाईट हाय. आमीच दिसत न्हाय."

"थट्टा नकोय. ममता म्हणतेय, फोटोत आपले नुसते दात येतात. असंच राहिलं तर आम्ही स्टेशनजवळ फ्लॅट बघतोय."

पंढरीनाथांना यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. एकट्यापुरता भात टाकायची कल्पना त्यांना सोसेना. फळ्या गेल्या तरी चालतील, पोरगा घरात राहू दे, असं ठरवून त्यांनी मान डोलावली.

ईश्वर पेंटर आला.

"हिला तेल पाजलेलं हाय हां," पंढरीनाथांनी सांगून ठेवलं. "रंग धरल का?"

ईश्वरने फळीवर बोट फिरवलं, हुंगलं आणि प्रसन्न झाला. "काका, आपण देतोय तो ऑइलपेंटच ना? तेलावर तेल. दोघांची पक्की दोस्ती. टेन्शन नाय."

या तर्कात खोट काढणं शिकलेल्या माणसालाही अवघड. नीरज बी.कॉम. होता.

खोली उजळली, हे मान्य केलंच पाहिजे. फक्त रंग वाळला नाही. गणपतीत ईश्वर म्हणाला, हवा दमट आहे, थंडीत सुकेल. थंडीत म्हणाला, थंडीत कधी काय सुकतं का काका, उन्हाळा येऊ द्या.

तोवर घरात आचारसंहिता लागू झाली. भिंतीपासून सर्वांनी हातभर अंतर राखावे. पंखा मंद ठेवावा, धूळ चिकटते. कॅलेंडर दारामागे राहील. भिंतीने स्वतःहून जमा केलेला ऐवज पुढीलप्रमाणे: डास अगणित, ममताच्या ओढणीचं एक टोक, एक शेपूट (पाल निघून गेली) आणि शेजारच्या दशरथांच्या पाठीचा संपूर्ण ठसा. दशरथांनी तो शर्ट धुतला नाही, तोच घालून गावभर फिरले. महिन्याभरात त्यांनीही ईश्वरला बोलावलं. खारीत पाठीवर पिस्ता असलेला माणूस सुधारलेल्या घरात उठबस असलेला समजला जाऊ लागला.

पंढरीनाथ आता खोलीच्या मधोमध बसत, कशालाही न टेकता, नांगरलेल्या होडीसारखे. संध्याकाळपर्यंत कंबर धरायची. पण पोरगा घरात होता.

मार्चमध्ये पोरगा म्हणाला, "बाबा, रंगाच्या वासाने ममताचं डोकं दुखतंय. आम्ही फ्लॅट घेतलाय."

"मंग रंग कशाला दिला रं?"

"तुमच्यासाठीच ना. घर कसं छान वाटतंय आता."

वास्तुशांतीला पंढरीनाथ धुतलेलं धोतर नेसून स्टेशनजवळच्या त्या चौथ्या मजल्यावर गेले. चप्पल काढून आत आले आणि उभेच राहिले. हॉलची समोरची सबंध भिंत काळपट तपकिरी होती. तिच्यावर लाकडाच्या रेषा होत्या, गाठीसुद्धा होत्या. एकच गाठ दर हातभर अंतरावर पुन्हा येत होती.

"सनमायका आहे बाबा," ममता कौतुकाने म्हणाली. "पिस्ता आता कोण लावतंय? सगळे हेच करतायत. अगदी जुन्या घरासारखं वाटतंय, नाही?"

पंढरीनाथांनी भिंतीवर हात फिरवला. तळवा नाकाशी नेला. वास कसलाच आला नाही. जेवणं झाली, पाहुणे पांगले, आणि त्यांचे पाय सवयीने डाव्या कोपऱ्याकडे वळले. ते हळूहळू खाली बसले, पाठ मागे न्यायला लागले.

"बाबा, टेकू नका," नीरज म्हणाला. "डोक्याचं तेल लागतं."

पंढरीनाथ उठले आणि हॉलच्या मधोमध जाऊन बसले. त्याची त्यांना आता चांगली सवय झाली होती.

एवढं वाचून तुम्हाला नीरजचा राग आला असेल, तर उत्तम. मागच्या भिंतीवर बोटाने एकदा ठोकून बघा. पोकळ वाजली तर मनाला लावून घेऊ नका, बहुमत तुमच्याच बाजूने आहे. मग नजर जरा खाली आणा. तुमच्या हॉलच्या मधोमध, कशालाही न टेकता, कोण बसलंय?